वैजूची तुला

“हिला उचलली का न्हाई, तेच मला कळंना!” तातोबा वस्ताद म्हणाले, आणि तालमीतल्या साऱ्या मुली खिदळल्या.

वैजू त्यांच्या हातांत लोंबकळत होती. पाय हवेत, वेण्या खांद्यावर, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू कुणी पालखीत बसवलंय. वस्तादांनी तिला दोनदा वरखाली केलं आणि अलगद खाली ठेवलं.

“शेंडा ठरला. पुढं बोलायचं न्हाई कुणी.”

गणपती बोळवून झाले की वस्ताद मुलींना रांगेत उभं करत आणि काखांत हात घालून एकेकीला उचलून बघत. सगळ्यांत हलकी मुलगी ती दसऱ्याच्या मनोऱ्याचा शेंडा. दसऱ्याला सारं गाव तालमीच्या दाराखिडक्यांशी गोळा होई. तुळईच्या लोखंडी आकड्याला बांधलेल्या दोरीभोवती मुली खांद्यांवर खांदे चढवून थर लावत, आणि शेवटी ती एकटी दोरीला धरून सर्वांच्या वर जाई, एका पायावर उभी राही आणि देवळीतल्या मारुतीला हात जोडी. कृष्णाकाठच्या आमच्या लहानशा गावात मुलीच्या जातीला याहून मोठा मान दुसरा नव्हता.

मी सकाळी शाळेत तिसरीचा वर्ग घेई आणि संध्याकाळी तालमीत मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवी. मुलगे वस्तादांकडे, मुली माझ्याकडे. मनोरा मात्र वस्तादांचा.

“औंदाबी वैजूच,” शकू माझ्या कानाशी पुटपुटली. ती वैजूची वर्गमैत्रीण. एके काळी दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या राहत. आता वैजूचं डोकं शकूच्या दंडाशी येत होतं. “बाई, हिला वाढायचं ठाऊकच न्हाई.”

“सोन्याची पोर हाय,” वस्तादांनी ऐकलंच. “तुम्ही बाकीच्या बघता बघता म्हशी होता.”

“म्हस कुणाला म्हणता, वस्ताद?”

“तुला न्हाई गं. तुझ्या सावलीला.”

पुन्हा हसणं उसळलं. वैजूही हसली, आणि त्या हसण्यातच पोट धरून मागच्या दाराने परसाकडे पळाली.

“सुटली गाडी,” कुणीतरी म्हणालं. तेही रोजचंच झालं होतं.

आमच्या तालमीची एक रीत होती. ज्या मुलीला महिन्याची अडचण असे ती उंबरठा ओलांडत नसे. मारुती ब्रह्मचारी, त्याच्या नजरेसमोर नको. ती बाहेर कट्ट्यावर बसून बघत राही. कुणी विचारत नसे, कुणी सांगत नसे. कट्ट्यावर मुलगी दिसली की सर्वांना कळे. आणि एकदा मुलगी कट्ट्यावर बसली की तिचा शेंडा गेला, हेही सर्वांना ठाऊक होतं. वस्ताद म्हणत, “आता अंग धरंल. खालच्या थराला घ्या.” त्यांच्या बोलण्यात राग नसे. पिकलेला पेरू उतरवावा, तसं ते होतं.

वैजू कधीच कट्ट्यावर बसली नव्हती.

तयारी सुरू झाली. तालीम संपली की मी मुलींना भिजवलेले हरभरे आणि गूळ वाटत असे. वैजू आपले हरभरे शकूच्या ओंजळीत टाकी.

“का गं?”

“तोंड आलंय, बाई. झोंबतं.”

“गूळ तरी खा. तुझ्या वडिलांच्याच गुऱ्हाळातला आहे.”

ती गुळाचा खडा ओठांत धरून राही आणि माझी पाठ वळली की तो मुंग्यांना जाई.

तिच्या नडगीवर लालसर, दुखऱ्या गाठी उठल्या होत्या. मी तेल लावायला गेले, तर तिने पाय ओढून घेतला. वस्ताद म्हणाले, “दोरीचा मार हाय, मास्तरीणबाई. मार खाल्ल्याबिगर अंग वळतंय व्हय?” ते खरंच होतं, आमच्या एकाही मुलीच्या नडग्या कोऱ्या नव्हत्या. तिचा गुडघा सुजला, तेव्हा उडी चुकली असेल असं सगळ्यांना वाटलं. चेहरा ओढला, तेव्हा उन्हाचा ताव असेल असं वाटलं. तिच्या आईने, हौसाबाईंनी, उष्णता समजून सब्जाचं पाणी दिलं, मग आव समजून बेलाचा मुरंबा दिला. मुरंब्याने चार दिवस बरं वाटलं, असं वैजूने सांगितलं. पुढे कळलं, तेही तिने आईला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं.

माझ्या मनात मात्र एक गोष्ट टोचत राहिली. शाळेत मी मुलांची नखं तपासत असे. एके दिवशी तालमीत सवयीने वैजूचा हात हातात घेतला, तर नखं कागदासारखी पांढरी. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. तिथेही लाली नव्हती.

“वैजू, डॉक्टरांकडे जाऊ या का?”

“दसरा झाल्यावर, बाई.”

“दुखतं का कुठं?”

“न्हाई.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला शेंड्यावरनं काढू नका. पाया पडते.”

घटस्थापनेच्या संध्याकाळी पूर्ण मनोऱ्याची पहिली तालीम होती. थर लागले. शकू सगळ्यांत खाली, दात आवळून उभी. वैजूने मारुतीला नमस्कार केला, दोरीला हात घातला आणि सरसर वर गेली. वरच्या थरातल्या मुलीच्या खांद्यावर तिने पाय टेकवला. दुसरा पाय उचलला.

आणि हात सुटला.

ओरडली नाही की काही नाही. कपडा दोरीवरून घसरावा तशी घसरली. खाली वस्ताद होते. त्यांनी तिला छातीवर झेलली आणि तिच्यासकट मातीवर बसले. दमलेल्या आवाजात ते मला म्हणाले, “मास्तरीणबाई, हिच्यात कायच न्हाई हो. नुसतं पोलकं झेलल्यागत वाटलं.”

या वेळी कुणी हसलं नाही.

त्याच रात्रीच्या गाडीने वैजूला मिरजेला नेलं. सकाळी रक्ताची पिशवी लागली. डॉक्टर शिकलगार तरुण होते, हळू बोलायचे. त्यांनी नडगीवरच्या गाठी पाहिल्या, तोंड उघडायला लावलं, गुडघा दाबला, पोट चाचपलं. मग वैजूला विचारलं, “शौचाला रक्त जातं का, बाळ?”

“न्हाई.”

“रोज किती वेळा जावं लागतं?”

“सगळी जातात तेवढंच.”

“आणि तिची पाळी?” त्यांनी हौसाबाईंना विचारलं.

“अजून न्हाई आली,” हौसाबाई पदर तोंडाशी धरून म्हणाल्या.

वैजूने भिंतीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टर आम्हाला बाहेर घेऊन आले. “अंगातलं रक्त एवढं कमी झालंय, ते कुठून तरी जातंय. मुलीची उंची, वजन दोन्ही अडलंय. मला आतड्याचा संशय येतोय, पण ती काही सांगत नाही. नक्की काय होतं ते कळलं तर दुर्बीण घालून तपासायचं की दुसरीकडे शोधायचं, ते ठरवता येईल. वेळ घालवून चालणार नाही.”

“ती खोटं न्हाई बोलत हो,” हौसाबाई म्हणाल्या.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, “हौसाबाई, तुम्ही खाली जाऊन चहा घ्या. मी बसते तिच्यापाशी.”

तिसरीच्या वर्गात मी एक गोष्ट शिकले होते. मुलाला समोर बसवून विचारलं की ते गप्प होतं. त्याच्या हाताला किंवा डोक्याला काहीतरी उद्योग लावला की आपोआप बोलू लागतं. मी वैजूच्या वेण्या सोडल्या आणि पिशवीतली फणी काढली. केसही पातळ झाले होते. फणीत पुंजकेच येत होते. ते तिला दिसू नयेत म्हणून मी मुठीत ठेवत गेले.

“शकू रडत होती,” मी म्हटलं. “म्हणाली, माझा खांदा हलला म्हणून वैजू पडली.”

“तिचा न्हाई हलला.”

“मी सांगितलं तिला. पण ती ऐकेना.”

मी भांग पाडला, एक वेणी घातली, दुसरी घ्यायला लागले.

“बाई, मारुती किती शिक्षा करतो?”

“कशाची?”

“विटाळाची.”

मी फणी थांबवली नाही. “कुणी केला विटाळ?”

तिचे खांदे हलायला लागले. मग तिने सगळं सांगितलं, तुकड्या-तुकड्यांनी, भिंतीकडे बघत. उन्हाळ्यापासून तिला परसाकडे गेलं की रक्त दिसत होतं. शकूकडून ऐकलं होतं की मोठं झालं की रक्त जातं. तेव्हा तिला वाटलं, आपण मोठ्या झालो. चार दिवसांनी थांबेल, मग कुणाला कळणार नाही. पण ते थांबेना. रोज होतं, दिवसातून कितीतरी वेळा होतं. कट्ट्यावर बसायचं तर रोजच बसावं लागलं असतं. मग शेंडा कुठला?

“म्हणून मी तशीच आत आले, बाई. रोज आले. मारुतीसमोर दोरीला हात लावला. म्हणून त्यानं थांबवलं न्हाई. तो म्हणाला, आता जाऊ दे सगळं रक्त.” तिला हुंदका आवरेना. “काल नमस्कार केला तेव्हा मी माफी मागितली होती. तरी त्यानं हात सोडवला.”

मी तिला आपल्याकडे वळवलं. तिच्या वेणीची लाल रिबीन माझ्या हातात होती. मी तिच्या चादरीवर माझा हातरुमाल पसरला आणि ती लांब रिबीन त्यावर गुंडाळी-गुंडाळीने ठेवत गेले.

“हे आतडं. घशातून आलेली वाट याला मिळते, मग हे पोटात अशी वळणं घेतं आणि इथं बाहेर येतं. आपण खातो ते या वाटेने जातं.” मग माझं छोटं चिल्लर ठेवायचं बटव्यासारखं पाकीट मी बाजूला ठेवलं. “आणि ही पिशवी. बाईला मूल होतं ते इथं. महिन्याचं रक्त येतं ते या पिशवीतून. हिची वाट वेगळी. आता सांग, तुझं रक्त कुठून येतं?”

तिने रिबिनीकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं. डोळे पुसत तिने रिबिनीच्या टोकावर बोट ठेवलं.

“इथनं.”

“नक्की?”

“नक्की. शी झाली की. आणि पोटात पीळ पडला की. कपड्याला कधी न्हाई लागत.”

“मग ही पाळी नव्हेच. इथं, या नळीला आतून जखमा झाल्यात. त्याचं रक्त येतंय.”

वैजू रिबिनीकडे बघत राहिली. “म्हणजे मी मोठी झालेच न्हाई?”

“अजून नाही.”

“मग मारुतीला...”

“मारुतीला काही झालेलं नाही. तुझ्या आतड्याला झालंय. त्याला डॉक्टर शिकलगारांची गरज आहे.”

आजारी मुलीच्या तोंडून इतकं मोठं, इतकं सुटं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. हसता हसता तिला रडू आलं, आणि मग भूक लागली.

डॉक्टर आले तेव्हा तिनेच सगळं सांगितलं. किती वेळा, कसं, कधी. लाजली, पण थांबली नाही. त्यांनी तोंडातल्या चट्ट्यांपासून नडगीवरच्या गाठींपर्यंत एकेका गोष्टीवर मान हलवली. “हे सगळं एकाच मुळाचं आहे,” ते म्हणाले. दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे काढून तपासले. आपल्याकडे अशा वेळी आधी क्षयाची शंका घ्यावी लागते. तो नाही हे ठरलं आणि मग आजाराचं नाव कळलं. क्रोन्स. आतड्याला सूज येते, जखमा होतात, आणि शरीर स्वतःशीच भांडत बसतं. त्यात रक्त जातं, खाल्लेलं अंगी लागत नाही, मूल वाढायचं थांबतं.

“बरी होईल ना?” वैजूचे वडील रंगराव गुळव्या हात जोडून उभे होते.

“हा आजार जात नाही,” डॉक्टर म्हणाले. “झोपतो. त्याला झोपवून ठेवायचं. गोळ्या चुकवायच्या नाहीत. मग ती शिकेल, खेळेल, वाढेलही.”

गावी परत आल्यावर मी वस्तादांना सगळं सांगितलं. ते तालमीच्या पायरीवर दोरीला मेण लावत बसले होते. मी बोलत होते आणि त्यांचा हात हळूहळू थांबत गेला.

“माझ्या तालमीला भिऊन?” एवढंच त्यांनी विचारलं.

ते उठून आत गेले, मारुतीसमोर उभे राहिले. पाठमोरे होते, म्हणून चेहरा दिसला नाही. बाहेर आले तेव्हा म्हणाले, “बोललोय त्याला. पोर बरी होऊ दे, तिच्या भारोभार गूळ वाटीन.”

दसऱ्याला मनोरा झाला. शेवटचा थर लागला आणि वर कुणी गेलं नाही. लोक कुजबुजले. सरपंचांनी विचारलं, “वस्ताद, शेंडा कुठाय?”

“मिरजंला गेलाय,” वस्ताद म्हणाले. “येईल.”

वैजू आली, पण तिचा चेहरा गोल, फुगलेला झाला होता. औषधामुळे तसं होतं, गोळ्या कमी झाल्या की उतरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण मुलींना ते कोण सांगणार. पहिल्याच दिवशी कुणीतरी तिला भोपळा म्हटलं. शकूने त्या मुलीची वेणी इतकी ओढली की मला मधे पडावं लागलं. वैजू तालमीत यायची बंद झाली, शाळेतही. मी तिला घरी शिकवायला जात असे. वह्या उघडायच्या आधी आम्ही गोळ्या मोजायचो, आणि मग ती मला रिबीन आणि पाकीट समोर ठेवून आतड्याचा धडा शिकवायची. शेजारच्या लहान मुलींना जमवून शिकवायची. “नळी वेगळी, पिशवी वेगळी,” अशा त्या एका सुरात म्हणत. हौसाबाई चुलीपाशी लाजून तोंड लपवत, पण ऐकत असत.

हिवाळ्यात एकदा आजार पुन्हा जागा झाला. पुन्हा मिरज, पुन्हा रक्त. मग हळूहळू तो झोपला. उन्हाळ्यात चेहऱ्यावरची सूज उतरली आणि तिच्या परकराचा काठ घोट्याच्या वर चढला. हौसाबाई मला रस्त्यात थांबवून म्हणाल्या, “बाई, परकर आखूड झाला हो हिला!” आणि रडू लागल्या.

पुढच्या दसऱ्याला वैजूची गूळतुला ठरली.

रंगरावांनी गुऱ्हाळातला मोठा तराजू बैलगाडीतून आणला, आणि गुळाच्या ढेपा गोणपाटात. देवळीतल्या मारुतीसमोर, तुळईच्या आकड्याला तराजू टांगायचा होता. तालीम माणसांनी भरली. वस्ताद नव्या पटक्यात मिरवत होते. वैजू नवं परकर-पोलकं घालून आली आणि उंबरठ्यापाशी थांबली.

मी जवळ गेले. तिने माझा हात घट्ट धरला.

“बाई, मी आत न्हाई येत.”

“का गं? काय झालं? रक्त?”

ती माझ्या कानाशी आली. “रक्तच. पण पाकिटातलं. सकाळपासनं.” तिचे कान लालबुंद झाले होते. “आईला सांगितलंय. ती म्हणाली, उद्या बस तुलेला. पण गूळ, माणसं, सगळं...”

एवढं बोलून ती मुकाट्याने कट्ट्यावर जाऊन बसली. त्या कट्ट्यावर ती पहिल्यांदाच बसत होती. आतल्या मुलींनी पाहिलं. बायकांनी पाहिलं.

वस्ताद दारात आले. कट्ट्यावरच्या वैजूकडे बघत ते उभे राहिले. मी काही सांगायची गरज नव्हती. त्यांनी वळून मारुतीकडे पाहिलं, मग तुळईकडे, मग पुन्हा वैजूकडे.

“रंगा, तराजू भायेर काढ,” ते म्हणाले.

“का, वस्ताद?”

“तो आकडा हालतोय. कडुनिंबाला बांधा. दार उघडं ठेवा सताड, मारुतीला हितनं दिसतंय.”

“आकडा कधीपासनं हालतोय?” शकूने विचारलं.

“सकाळधरनं.” वस्तादांनी तिच्याकडे डोळे वटारले. “तू उचल ती ढेप. लई बोलतीस.”

त्या आकड्याला वर्षानुवर्षं आमच्या मुली लटकत आल्या होत्या. चारजणांनी तराजू अंगणात आणला, निंबाच्या जाड फांदीला बांधला. माणसं बाहेर आली, पोरं भिंतीवर चढली. वैजूने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती एका पारड्यात मांडी घालून बसली आणि ते धप्पकन जमिनीला टेकलं.

दुसऱ्या पारड्यात रंगराव ढेपा ठेवू लागले. एक ठेवली. दुसरी ठेवली. काटा हलेना. गोणपाटातली शेवटची ढेप ठेवली, तरी वैजूचं पारडं जमिनीवरच.

“गूळ कमी आणला की रं!” वस्ताद ओरडले.

“अंदाजानं आणला, वस्ताद. गेल्या सालच्या.”

“गेल्या सालच्या! गाडी जुंप आन् अजून आण!”

लोक हसायला लागले. हौसाबाई पदर डोळ्यांना लावून हसत होत्या. गाडी येईपर्यंत वैजू पारड्यात तशीच बसून राहिली, शेंड्यावर असायची तशी ताठ.

वस्ताद तिच्यापाशी गेले. वाकले, जुन्या सवयीने तिच्या काखांत हात घातले आणि उचलू लागले. मानेच्या शिरा ताणल्या. वैजू जेमतेम वीतभर वर आली. त्यांनी तिला पुन्हा पारड्यात ठेवली आणि कमरेवर हात देऊन, धापा टाकत उभे राहिले.

“आता कळतंय,” ते म्हणाले.